फुटलेली तेलाची पिशवी आणि गोरोबाकाकांचं थापटणं

गेल्या महिन्यातली गोष्ट. शनिवार होता. जरा उशिरापर्यंत लोळत पडावं म्हटलं, तर साडेसातलाच आईचा फोन.

"उठलास का? काय करायलास?"

"झोपलोय. काय झालं?"

"काल संध्याकाळी ते तुझं सामान आलंय बघ. पण तेलाची एक पिशवी फुटलीय. सगळा खोका तेलानं माखलाय."

आई तेरला असते. (धाराशिव जिल्ह्यातलं तेर. हो, गोरोबाकाकांचंच.) गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिचं बाजारात जाणं बंद आहे, म्हणून पुण्यात बसून मी तिच्यासाठी किराणा ऑनलाइन मागवतो. गावातल्या दुकानदाराला एक फोन केला असता तरी काम झालं असतं. पण आपण पडलो आयटीवाले! मोबाईलवर दहा मिनिटांत ऑर्डर टाकली की आईची सेवा केल्याचं समाधान मिळतं.

तर एकूण बिल १,४८६ रुपये. त्यात शेंगदाणा तेलाच्या दोन पिशव्या, त्यातली एक फुटलेली. ओट्सचं पाकीट, ज्याची मुदत महिनाभरापूर्वीच संपलेली (तारीख शेजारच्या मुलीनं वाचून दाखवली, आईला ती बारीक अक्षरं दिसत नाहीत). आणि बदाम बिलात अर्धा किलो, खोक्यात पाव किलो. हिशेब केला, ७१२ रुपयांना फटका.

"फोटो काढून पाठव," मी म्हणालो.

"मला कुठं जमायलंय फोटो काढायला. जाऊ दे की. काय सोनं सांडलंय का?"

शेवटी त्या शेजारच्या मुलीनंच फोटो काढले. मी ते ॲपवर टाकले. पाच मिनिटांत उत्तर आलं, 'फोटो अस्पष्ट असल्याने विनंती नाकारण्यात येत आहे.' पुन्हा टाकले. या वेळी उत्तर आलं, 'खाद्यपदार्थ परत घेतले जात नाहीत. आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' संपलं!

ॲपचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा त्या एका ॲपचा नाहीच. मुद्दा असा की त्या दिवशी डोक्यात एक किडा शिरला. माल लांबून येतो आणि खराब निघतो, ही काही आजची गोष्ट नाही. मग पूर्वी लोक काय करायचे? आणि हा प्रश्न पडायला तेरसारखं दुसरं गाव नाही. का ते सांगतो.

इ.स.च्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. पुस्तकाचं नाव 'पेरिप्लस'. त्यात दख्खनमधल्या दोन मोठ्या बाजारपेठा सांगितल्या आहेत, पैठण आणि तगर. पैठण हे बॅरिगाझापासून, म्हणजे आजच्या भडोचपासून, दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर. आणि तगर पैठणच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर. तगरहून साधं कापड भरपूर, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि इतर माल गाड्यांमधून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जायचा आणि तिथून जहाजांवर चढायचा.

हे तगर नक्की कुठलं, यावर बरीच वर्षं वाद होता. जुन्नरपासून दौलताबादपर्यंत अनेक गावांची नावं पुढे आली होती. १९०१ साली फ्लीट या अभ्यासकाने तगर म्हणजे तेर असं दाखवून दिलं, आणि पुढे इथे झालेल्या उत्खननांतून त्याला बळकटी मिळाली. गावातल्या लामतुरे संग्रहालयात त्या काळातल्या हजारो वस्तू आहेत. तिथली हस्तिदंती बाहुली तर बघायलाच हवी. तशाच घडणीची एक मूर्ती १९३८ साली थेट इटलीतल्या पॉम्पेईच्या उत्खननात सापडली होती. पॉम्पेई ज्वालामुखीखाली गाडलं गेलं इ.स. ७९ मध्ये, यावरून या व्यापाराचा पल्ला लक्षात येईल.

आता जरा विचार करा. तगरचा विणकर कापड विणतो. ते तीस दिवस बैलगाडीत, मग जहाजात. कापडाला वाटेत बुरशी लागली किंवा मोजून कमी भरलं, तर समुद्रापलीकडचा गिऱ्हाईक जाब कुणाला विचारणार? विणकराचा चेहरासुद्धा त्याने पाहिलेला नाही. आईचा प्रश्न तोच आहे, फक्त उलट दिशेने. तेव्हा माल तेरहून निघायचा, आता तेरला येतो.

बाजारात समोरासमोर व्यवहार असतो तेव्हा गिऱ्हाईकाकडे एक मोठं हत्यार असतं, त्याचा हात. मडकं घेताना आपण ते वाजवून बघतो. नारळ कानाशी हलवतो. तूरडाळ मुठीत घेऊन पुन्हा सांडतो. तेरकरांना हे सांगायला नको. गोरोबाकाकांची गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाईने विचारलं, काका, हे काय? काका म्हणाले, हे थापटणं, याने मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग संतांची डोकी थापटून पाहण्याचा तो प्रसंग, आणि कच्चं मडकं ठरलेले नामदेव. गोष्टीतला अध्यात्माचा भाग मोठा आहेच. पण मला त्यातला कुंभार दिसतो. माल तपासायचा तर वाजवूनच, मग तो कितीही मोठ्या नावाचा असो. खुद्द नामदेवांना सूट नाही!

शिवाय गावात कुंभार ओळखीचा. बलुतेदारीत त्याला वर्षाचं धान्य मिळायचं. खराब मडकं देऊन तो जाणार कुठे? (त्या व्यवस्थेत देणाऱ्याचाच हात वर असायचा आणि जातीची उतरंड होती, हेही विसरून चालणार नाही. 'जुनं ते सोनं' म्हणायचा माझा इरादा नाही.)

अंतर वाढलं की हा हात पोचत नाही. माझ्या मते ग्राहकाच्या हक्कांचा सगळा इतिहास म्हणजे न पोचणाऱ्या हाताच्या बदल्यात दुसरं काहीतरी शोधण्याचा इतिहास आहे.

पहिला शोध म्हणजे संस्था. एकटा विणकर अनोळखी असेल, पण विणकरांची श्रेणी, म्हणजे त्यांचा संघ, ओळखीची असते. नाशिकच्या लेण्यांमध्ये नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले आणि दुसऱ्या श्रेणीकडे १,००० कार्षापण पाऊण टक्क्याने. मूळ रक्कम कायम ठेवायची आणि व्याजातून भिक्षूंचा खर्च भागवायचा. म्हणजे श्रेणीवर बँकेसारखा विश्वास. नाशिकच्याच नंतरच्या एका लेखात तेल गाळणाऱ्यांच्या श्रेणीकडेही अशी ठेव ठेवलेली दिसते. आईची फुटलेली पिशवी बघून मला त्या तेल्यांची आठवण झाली.

दुसरा शोध म्हणजे नियम. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्यापाऱ्यांपासून प्रजेचं रक्षण कसं करावं यावर एक आख्खं प्रकरण आहे. बाजारावरचा अधिकारी, संस्थाध्यक्ष, याने वजनं-मापं तपासायची. धान्य, तेल, मीठ, औषधं यांत तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वस्तूची भेसळ केली तर १२ पण दंड. व्यापाऱ्यांनी एकी करून माल अडवला किंवा अवाच्या सवा भावाने विकला तर १,००० पण.

पण मला खरी गंमत वाटली ती 'अनुशय' या शब्दाची. अनुशय म्हणजे पश्चात्ताप. घेतलं खरं, पण फसलो राव! अर्थशास्त्रात सौदा फिरवायला मुदती दिल्या आहेत. व्यापाऱ्यांसाठी एक रात्र, शेतकऱ्यांसाठी तीन, गुराख्यांसाठी पाच. नारदस्मृती आणखी पुढे जाते. विकत घेतलेली वस्तू वाईट वाटली तर त्याच दिवशी न वापरता परत करावी, पैसे पूर्ण परत. दुसऱ्या दिवशी परत केली तर किमतीचा तिसावा भाग कापायचा, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. त्यानंतर वस्तू गिऱ्हाईकाची. शिवाय कुठली वस्तू किती दिवस तपासावी याचीही यादी आहे. कापड आणि लोखंड एक दिवस, दुभतं जनावर तीन दिवस, मोती-पोवळी सात दिवस, बियाणं दहा दिवस. (याच यादीत दास-दासींसाठीही दिवस दिले आहेत. तो काळ तसाही होता.)

बियाण्याला दहा दिवस का? कारण ते उगवतं की नाही हे त्याआधी कळणारच नाही. म्हणजे मुदत विक्रेत्याच्या सोयीने नाही, तर दोष कळायला किती वेळ लागतो त्यावरून ठरवलेली. हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. हे ग्रंथ म्हणजे 'असं असावं' सांगणारे ग्रंथ आहेत. प्रत्यक्षात किती गावांत तसं चालायचं हा वेगळा प्रश्न. पण लिहिणाऱ्याने गिऱ्हाईकाच्या जागी उभं राहून विचार केला होता, एवढं नक्की.

आता मोठी उडी मारून विसाव्या शतकात येऊ. इथे एक नवीनच प्रकार झाला, माल पाकिटात गेला. पाकीट म्हणजे तोंड बांधलेलं मडकं, वाजवून उपयोग नाही. मग जे हाताला कळत नाही ते पाकिटावर लिहिलंच पाहिजे असा कायदा करावा लागला. १९७७ साली आवेष्टित वस्तूंचे नियम आले. निव्वळ वजन, किंमत, उत्पादक कोण, माल कधीचा, हे छापणं बंधनकारक झालं. सगळे कर धरून कमाल किंमत, म्हणजे आपली एमआरपी, १९९० पासून.

जगातही असंच काही घडत होतं. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या पेझली गावात एका बाईंना मैत्रिणीने जिंजर बिअर घेऊन दिली. बाटली अपारदर्शक. अर्धी पिऊन झाल्यावर आतून कुजलेली गोगलगाय निघाल्याचं त्यांचं म्हणणं. पण बाटली विकत घेतली होती मैत्रिणीने! करार दुकानदार आणि मैत्रीण यांच्यातला, मग या बाईंचा संबंध काय? १९३२ साली लंडनच्या सर्वोच्च पीठाने निकाल दिला की वस्तू बनवणाऱ्याची जबाबदारी ती वापरणाऱ्यापर्यंत पोचते. पैसे कुणी दिले याने ती तुटत नाही.

आमच्या घरची केस अगदी हीच. पैसे मी दिले, ओट्स खाणार होती आई.

महाराष्ट्रात या लढ्याला वळण मिळालं ते सत्तरच्या दशकात. दुष्काळ, टंचाई, रेशनच्या रांगा, काळाबाजार. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली आणि १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत. मुंबईच्या पंचायतीने जे केलं ते आजच्या ॲपवाल्यांनी अभ्यासावं असं आहे. शेजारपाजारच्या कुटुंबांनी एकत्र येऊन संघ करायचा. सगळ्यांची महिन्याची यादी एकत्र करून नोंदवायची. पंचायत घाऊक भावात माल घेणार, तपासणार आणि संघापर्यंत पोचवणार. तिथे मग सभासद, बहुतेक वेळा घरातल्या बायका, आपापसात वाटून घेणार. म्हणजे घरपोच किराणाच की! फक्त सर्व्हरच्या जागी वही होती, आणि डाळीत खडे निघाले तर ते दहा बायकांच्या समोर निघायचे. एकटीला 'जाऊ दे' म्हणणं सोपं, दहाजणींना अवघड. इथे थापटणं पुन्हा गिऱ्हाईकाच्या हातात आलं होतं.

अशा संस्थांच्या रेट्यातूनच पुढे २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायदा झाला. वकील न लावता जिल्ह्याच्या ठिकाणी दाद मागता यायला लागली. २०१९ साली नवा कायदा आला, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच आठवड्यात ई-कॉमर्सचे नियमही आले. आता माझ्या ७१२ रुपयांसाठी यातलं काय उपयोगी पडलं ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही कामाला येईल.

एक, ग्राहक म्हणजे फक्त पैसे देणारा नव्हे. त्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक. म्हणजे आईसुद्धा.

दोन, 'खाद्यपदार्थ परत घेतले जात नाहीत' हे ॲपचं धोरण झालं. आवडलं नाही म्हणून परत करायचं असेल तर ते ठीक आहे. पण माल सदोष असेल किंवा सांगितल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. कायद्यापुढे धोरण चालत नाही.

तीन, प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो. ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण. चॅटवरच्या यंत्राशी भांडण्यात शनिवार घालवू नका, थेट या अधिकाऱ्याला मेल करा.

चार, वजन कमी भरलं तर तो वैधमापन कायद्याचाही भंग आहे. मुदतीबद्दल बोलायचं तर, ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थांची पोचवताना निदान ३० टक्के किंवा ४५ दिवसांची मुदत शिल्लक असावी, असं एफएसएसएआयने २०२४ च्या अखेरीस कंपन्यांना सांगितलं आहे. आमच्या ओट्सची शिल्लक होती उणे एक महिना!

पाच, तरीही दाद नाही मिळाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. त्यानंतर जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, आणि नव्या कायद्यानुसार तक्रार आपण राहतो किंवा काम करतो तिथे करता येते. म्हणजे आईला धाराशिवला, मला पुण्याला. कंपनीचं ऑफिस बेंगळुरूला असो नाहीतर गुरुग्रामला, तिने इकडे यायचं. पुरावा म्हणून बिल, खोका आणि पाकिटं मात्र सांभाळून ठेवा. आईनं तो तेलकट खोका न्हाणीघराबाहेर ठेवून दिला होता, नशीब माझं.

मी मेल केला. कलमं, फोटो, बिल, सगळं जोडून. नवव्या दिवशी ७१२ रुपये परत आले.

इथे लेख संपवायला हरकत नव्हती. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय बरं वाटणार नाही.

तो 'फोटो अस्पष्ट' वाला संदेश मी ओळखला होता. तीन वर्षांपूर्वी, आधीच्या नोकरीत, एका दुसऱ्या कंपनीसाठी मी अगदी तसाच रूल लिहिला होता. फोटोतलं लेबल यंत्राला वाचता आलं नाही तर विनंती नाकारायची. त्याच ऑर्डरवर पुन्हा तक्रार आली तर आपोआप बंद करायची. टिकेटं किती बंद झाली यावर आमच्या टीमचं कौतुक व्हायचं. खोटे रिफंड मागणारे लोक असतात, त्यांना थांबवायला हवं, हे खरंच आहे. पण थरथरत्या हाताने फोटो काढणारी बाई आणि खोटा रिफंड मागणारा यांत माझ्या कोडला फरक कळत नव्हता. तो कळावा असं मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. नारदस्मृतीच्या लेखकाला बियाणं उगवायला किती दिवस लागतात याची काळजी होती. मला टिकेट बंद व्हायला किती सेकंद लागतात याची.

परवा तिथल्या जुन्या मित्राला फोन केला. म्हटलं, तो रूल अजून आहे का रे?

"आहे की. कुणी तक्रारच केली नाही, मग कोण हात लावतोय?"

तक्रार केली नाही असं नाही. केली आणि ती बंद झाली. पुढे जायचं सोडून सगळे 'जाऊ दे' म्हणाले. प्रत्येक 'जाऊ दे' म्हणजे माझ्या त्या रूलच्या बाजूने पडलेलं एकेक मत. मी त्याला सगळं समजावून सांगितलंय. तो मीटिंगमध्ये विषय काढणार आहे. बघू काय होतं ते.

तेवढ्यात आईचं दुसरं पार्सल गेलं. डिलिव्हरीवाला दारात उभा. "मावशी, ओटीपी सांगा."

"थांब की बाबा जरा," आई म्हणाली म्हणे. आणि तिनं तो खोका कानाशी धरून आधी हलवून बघितला.